सूत आणि सफेदा

पुतळाबाई गेल्याचा फोन कारखान्याच्या टाइम ऑफिसात आला, तेव्हा श्रीपती लोंढे रसाच्या पंपाला सूत बांधत होता. शहाण्णव सालच्या मार्चातला गुरुवार होता, पहिली पाळी, साडेदहाचा सुमार. पंपाच्या जोडातून उसाचा रस गळत होता आणि पंप बंद करायची सोय नव्हती. हंगामात कारखान्यातलं काहीच बंद करत नाहीत. गळतंय तिथं सुताचे वेढे द्यायचे, वरून सफेद्याचा लेप द्यायचा आणि चालवायचं. खरी दुरुस्ती हंगाम संपल्यावर, कारखाना थंड झाला की. अठ्ठावीस वर्षं श्रीपती फिटर म्हणून हेच करत आला होता आणि या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दत्तोबा आला. दत्तोबा वर्कशॉपातला लेथवाला, श्रीपतीच्याच वयाचा, तोंडानं फटकळ. एरवी तो लांबूनच शिव्या देत यायचा. त्या दिवशी गप येऊन शेजारी उभा राहिला.

"शिरपतराव, हात धू."

"थांब. दोन वेढे ऱ्हायलेत."

"ऱ्हाऊ दे ते. हात धू म्हंतो न्हवं."

श्रीपतीनं वर बघितलं. "रश्मीचा फोन व्हता?"

"जावयाचा." दत्तोबानं टोपी काढून हातात घेतली. "वैनी गेल्या."

श्रीपतीनं ते दोन वेढे दिले. गाठ मारली. सफेदा बोटानं नीट दाबून बसवला. मग तो उठला. ऐकल्यानंतरही आपण गाठ मारली, हे पुढं पुष्कळ दिवस त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

त्याची जुनी फियाट गेटाबाहेर लिंबाखाली उभी होती. वालचंदनगरच्या एका डॉक्टरकडून त्यानं ती चार वर्षांपूर्वी घेतली होती. दत्तोबा न विचारताच शेजारी बसला. मागच्या सीटखाली ऑइलचा डबा होता तो त्यानं आधी हलवून बघितला, कारण गाडी ऑइल गाळते हे सगळ्या वर्कशॉपाला माहीत होतं. सणसर गेलं. भवानीनगर ओलांडलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला.

"थांबीव," दत्तोबा म्हणाला.

"जाऊ दे. पोचू."

"इंजिन धरंल शिरपती. मग चालत जाशील का बायकोकडं?"

श्रीपतीनं गाडी कडेला घेतली. उसाच्या बैलगाड्या समोरून चालल्या होत्या. दत्तोबानं बॉनेट उघडून ऑइल ओतलं, दिवा विझला, आणि ते पुढं निघाले. बारामतीला पोचायला सव्वा तास लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर रश्मी बसली होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी, जळोचीला दिलेली, तिथंच बालवाडीवर शिकवणारी. आईची कापडी पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली होती. जावई रविंद्र कागदांवर सह्या करायला गेला होता. श्रीपती समोर जाऊन उभा राहिला. रश्मीनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या हातांकडं. बोटांना सफेदा तसाच होता.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, तिनं आपल्याला सांगितलं का नाही हो?"

पुतळाबाईनं सांगितलं होतं. रश्मीला नाही, पण श्रीपतीला सांगितलं होतं. उत्तर त्याच्या तोंडात होतं, आणि तो मुलीच्या शेजारी बाकावर बसला.

*

गाडीची गळती दिवाळीपासूनची. इंजिनाच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं आणि चेंबरच्या बुडाला एक नट असतो, जुनं ऑइल सोडायचा. दिवाळीच्या आदल्या दिवशी श्रीपतीनं ऑइल बदललं. नटाखालचं तांब्याचं वायसर झिजून पातळ झालं होतं. नवीन आणायला बारामतीला जावं लागलं असतं, आणि चार दिवसांवर कारखाना पेटायचा होता. त्यानं जुनंच वायसर उलटं करून घातलं. मग गळू नये म्हणून पान्याला हातभर पाइप लावून नट आवळला. कारखान्यातले मोठाले बोल्ट असेच आवळतात, त्याचा हात त्यालाच सरावलेला. मोटारीचा नट केवढा, ताकद केवढी, याचा त्यानं विचार केला नाही. करकर असा आवाज आला, नट जागीच फिरला, आणि चेंबरचे आटे गेले.

दुसरा कोणी असता तर गाडी गॅरेजला घातली असती. श्रीपतीनं नटाला सुताचे वेढे दिले, सफेदा लावला, नट दाबून बसवला आणि म्हणाला, "हंगाम संपला की बघू."

सफेदा आठ-दहा दिवस धरायचा. मग पुन्हा थेंब. पुतळाबाई रोज अंगण सारवायची आणि रोज सकाळी सारवलेल्या जागेवर काळा डाग असायचा, भाकरीएवढा. तिनं गाडीखाली राखेची पाटी ठेवायला सुरुवात केली.

"अवं, माझी सवत मुतली हितं परत," ती चुलीपुढून ओरडायची. "तिला जरा वळण लावा. मी किती सारवू?"

"तुझीच सवत हाय, तूच लाव वळण."

"माझं कुठं आयकती? तुमीच लाडावून ठिवलीया. फुडं बसायला मी, आन पुसायला बी मीच."

पुढच्या सीटवर बसायला तिला आवडायचं. लासुर्ण्यातल्या बायका बघायच्या तेव्हा ती काच खाली करून हात बाहेर ठेवायची, आणि गाव मागं पडलं की धूळ येते म्हणून काच वर करायची.

एक जानेवारीला ते कोरेगावला गेले. हंगाम असो नसो, ही एक रजा श्रीपती दर वर्षी घ्यायचा. विजयस्तंभाला मानवंदना दिल्याशिवाय त्याचं वर्ष सुरू होत नसे. साहेब लोकांनाही ते माहीत होतं, कोणी अडवत नसे. पुतळाबाईची धाकटी बहीण नकोशी निरवांगीहून आदल्या दिवशी येऊन राहिली होती, तीही बरोबर आली. गर्दीत पुतळाबाई दोनदा खाली बसली. पाय दुखतात म्हणाली.

घरी यायला दिवस मावळला. नकोशी आत चहा टाकत होती. श्रीपती अंगणात वाकून गाडीखाली बघत होता. एवढ्या पल्ल्यात सूत पार निघालं होतं आणि ऑइलची धार लागली होती. पुतळाबाई राखेची पाटी घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"अवं."

"हं."

"माझं बी तुमच्या गाडीवाणीच झालंय."

"काय झालं?"

"अंगावर जातंय परत. लाल. चार वर्सं झाली बंद झाल्याला. आता दिवाळीपासनं मधी मधी जातंय."

श्रीपती गाडीखालीच बघत होता. त्याला ऐकू आलं होतं. बायकांचं काहीतरी असतं, एवढंच त्याच्या मनात आलं. ती हसत बोलली होती म्हणून तोही हसला.

"हंगाम संपू दे," तो म्हणाला. "एप्रिलात दोघींचं बी एकदमच बघू."

आतून नकोशी खुदकन हसली. पुतळाबाईही हसली. "बघा बया," ती म्हणाली, "माझ्या आधी तिचं बघशीला," आणि पाटी गाडीखाली सरकवून आत गेली.

त्यानंतर तिनं ते पुन्हा काढलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. फेब्रुवारीत ती वाळली. भाकरी थापताना मधेच टेकून बसायची. पाळी करून आला की श्रीपती दमलेला असायचा. एप्रिल काही लांब नव्हता.

मार्चात एका सोमवारी ती एकटीच एसटीनं जळोचीला गेली. नातीला, दिशाला, बघून येते म्हणाली. रश्मीच्या मोरीत तिला चक्कर आली आणि रश्मीला सगळं दिसलं. त्याच दुपारी तिला दवाखान्यात घातलं. पिशवीला कॅन्सर होता, वाढलेला, आणि रक्त थांबत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी श्रीपती दवाखान्यात गेला. पुतळाबाई कॉटवर पडली होती. तोंड पांढरंफटक, एका हाताला रक्ताची बाटली. रश्मी पायथ्याशी उभी होती आणि आईवर चिडलेली होती.

"आई, डॉक्टर विचारतायत कधीपासून. खरं सांग. कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"दिवाळी? मी दिवाळीला चार दिवस होते तिथं! मला नाही सांगितलंस. अण्णांना तरी सांगितलंस का?"

श्रीपती कॉटच्या या बाजूला उभा होता. पुतळाबाईनं त्याच्याकडं बघितलं. फार वेळ नाही, नुसतं बघितलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "कुणालाच न्हाय सांगितलं. लाज वाटली."

"लाज? मुलीची लाज?"

"वरडू नगं. बाजूच्या कॉटावर माणूस झोपलंय."

मग तिनं श्रीपतीला विचारलं, जेवला का. म्हणाला, व्हय. तिनं विचारलं, पाळी कुठली. म्हणाला, पयली. "मग जावा आता," ती म्हणाली. "पहाटं उठायचंय. हितं रश्मी हाय. हंगाम हाय तवर कामाला जावा."

आणि तो गेला. बुधवारी कामाला गेला, गुरुवारीही गेला.

*

पुण्यानुमोदनाचा विधी सातव्या दिवशी लासुर्ण्याला घरीच झाला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, चार माणसं बोलली. पुतळाबाई फार सोशिक होती, दुखणं अंगावर काढलं पण कुणाला त्रास दिला नाही, असं एक जण बोलला. रश्मी पुढंच बसली होती. ती मधेच उठून आत गेली.

माणसं पांगल्यावर नकोशीनं ट्रंक उघडली. आईचं एक पातळ लेकीनं न्यायचं असतं. तिनं पुतळाबाईचं मोरपंखी पातळ काढलं, कोरेगावला नेसलेलं, आणि रश्मीच्या मांडीवर ठेवलं.

रश्मीनं ते उचलून परत ट्रंकेत ठेवलं. "मावशी, मला नको."

"आगं, आईचं हाय."

"माहीत आहे. जिनं मला परकं केलं तिचं पातळ नेसून मी काय करू? रोज बालवाडीत बायकांना सांगते, दुखलं-खुपलं लपवू नका, दवाखान्यात चला. आणि माझीच आई. मला सांगितलं असतं तर मी तिला उचलून नेलं असतं." तिचा आवाज चिरकला. "मला तिचा राग येतो मावशी. गेलेल्या माणसाचा राग येतो. फोटोकडं बघवत नाही."

श्रीपती उंबऱ्यात बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी रविंद्रच्या स्कूटरवर रश्मी जळोचीला गेली. नकोशी दोन दिवस आणखी राहिली. तीही निघायची म्हणून श्रीपतीनं तिला स्टँडवर सोडलं. एसटीला अजून वेळ होता. नकोशी बाकावर पिशवी ठेवून उभीच राहिली.

"दाजी, एक बोलू?"

"बोल की."

"त्या दिशी मी चहा टाकीत व्हते. आक्का काय बोलली आन तुमी काय बोलला, समदं मला आयकू आलं."

श्रीपतीनं मान खाली घातली.

"मी तुमाला बोल लावीत न्हाय," नकोशी म्हणाली. "मी बी हसले व्हते दाजी. मोठ्यानं हसले. मला बी कळायला पायजे व्हतं, बाईमाणूस मी. पर पोरगी आईला शिव्या घालतीया. ज्या बाईनं सांगितलं, तिलाच म्हंती लपीवलं. हे बरं न्हाय."

"तिनंच तसं सांगितलं, दवाखान्यात."

"ते तुमच्यासाठी सांगितलं."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

एसटी आली. कंडक्टर ओरडायला लागला. नकोशी पायरीवर चढली आणि वळली. "मी न्हाय सांगायची. माझं त्वांड न्हाय ते. तुमीच सांगा. आन लवकर सांगा दाजी, राग मुरला की निघत न्हाय."

*

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हंगाम संपला. भोंगा वाजला, ऊस टाकायची गव्हाण बंद झाली आणि दर वर्षीसारखा लोकांनी गुलाल उधळला. श्रीपती घरी येऊन आंघोळ करून झोपला. त्यानंतरच्या शनिवारी रश्मी दिशाला घेऊन आली. आईची भांडी-कपडे लावायचे होते. रविवारी दुपारी परत जायचं होतं.

"मी सोडतो गाडीनं," श्रीपती म्हणाला.

"नको अण्णा. तुमची गाडी वाटेत ऑइल ओकत जाते. आम्ही एसटीनं जाऊ."

"आज तिचं काम करतो. सकाळीच. मग बस."

त्यानं मनाशी ठरवलं होतं की गाडीतच सांगायचं. अर्धा-पाऊण तास ती शेजारी असेल. गाडी चालवताना तिच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही.

रविवारी सकाळी दत्तोबा आला. त्यानं लेथवर थोडा जाड मापाचा नट करून आणला होता आणि त्याच मापाचा आटे पाडायचा टॅप. त्यानं फियाटच्या खाली डोकं घालून बघितलं आणि तिथूनच सुरू झाला.

"आरं शिरप्या, हे काय करून ठिवलंयस? सुताचं घरटं केलंय निस्तं. रश्मी, तुझ्या बानं पाइप लावून नट आवळलाय बघ. आरं, ही मोटार हाय का मोलॅसिसची टाकी?"

"तोंड आवर. टॅप दे."

"देतो. पर पाइप आण आधी तुझा, विहिरीत टाकतो."

रश्मी हसली. आई गेल्यापासून श्रीपतीनं तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. दत्तोबानं चहा घेतला, दिशाला गाडीच्या स्टिअरिंगवर बसवून दोन हॉर्न वाजवू दिले आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, "हातानं आवळ. हाताला कळतं कुठं थांबायचं ते."

श्रीपतीनं इंजिन थोडा वेळ चालवून गरम केलं, मग चटई टाकून गाडीखाली शिरला. नट सोडला तर सुताचा काळा गुंता हातात आला. त्याखालून ऑइल घमेल्यात पडलं. ते सगळं निथळेपर्यंत तो पडून राहिला. मग टॅपला भरपूर ग्रीस फासलं, म्हणजे लोखंडाचा कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो, आणि टॅप हलक्या हातानं फिरवला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. टॅप काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस लावायचं. असं सात-आठ वेळा केलं. नवे आटे पडले. त्यानं अर्धा लिटर नवं ऑइल वरून ओतून खाली वाहू दिलं, राहिलेला कीस निघून जावा म्हणून.

"रश्मी, स्टो पेटीव," त्यानं खालून हाक मारली.

"कशाला? जेवायला वेळ आहे."

"वायसर तापवायचंय. लाल झालं की पाण्यात टाक. तांबं मऊ पडतं, मग नीट दाबून बसतं."

रश्मीनं पुतळाबाईचा स्टोव्ह पेटवला, चिमट्यात वायसर धरून तापवलं आणि तांब्यातल्या पाण्यात सोडलं. ते घेऊन ती बाहेर आली आणि गाडीशेजारी पायरीवर बसली. श्रीपतीला तिचे पाय तेवढे दिसत होते.

"अण्णा, ही कधीपासून गळत होती?"

"दिवाळीपासनं."

"आणि करायला किती वेळ लागला?"

"आजची सकाळ."

"मग इतके दिवस का नाही केलं?"

"हंगाम व्हता."

रश्मीनं पाय जवळ घेतले. मग म्हणाली, "आईनंही तेच केलं. म्हणाली असेल, हंगाम आहे, कशाला ह्यांना त्रास. तुमच्यासाठी लपवलं तिनं. माझा विचारच नाही केला."

श्रीपतीच्या एका हातात नट होता, दुसऱ्यात वायसर. वर ऑइलचा शेवटचा थेंब नव्या आट्यांना लोंबत होता. गाडीत सांगू, हे ठरलेलं होतं, पण आता ती स्वतःच तिथपर्यंत आली होती. तो म्हणाला, "तिनं न्हाय लपीवलं."

रश्मीचे पाय हलले नाहीत.

"अण्णा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकाएकी माया आली, "तुम्ही तिची बाजू घेऊ नका. माझ्यासमोर सांगितलं तिनं, कुणालाच नाही सांगितलं म्हणून. तुम्हीपण होता तिथं. तुम्हाला किती लागलं असेल ते मला काय कळत नाही? तीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि तरी तुम्ही तिला सांभाळून घेताय."

दोन वाक्यं पुरे होती. मला सांगितलं होतं. मी असं असं म्हणालो. एवढंच.

त्यानं वायसर नटावर चढवलं, नट आट्यांवर धरला आणि बोटांनी फिरवायला लागला. नट गोडीनं आत गेला. शेवटी त्यानं पाना लावला आणि आवळला. हाताला कळलं तिथं थांबला.

"मीच तुमच्यावर उगाच चिडायचे," रश्मी वरून म्हणाली. "दवाखान्यात तुम्ही उशिरा आलात तेव्हा. तुमची काय चूक होती?"

श्रीपती बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर ऑइलचे थेंब होते. रश्मीनं पदरानं ते पुसले. त्यानं पुसू दिले.

दुपारी ते निघाले. दिशा मागं झोपली. रश्मी पुढं बसली. लिमटेकच्या पुढं श्रीपतीनं दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा रश्मीनं विचारलं, पाणी देऊ का. तिनं बाटली पुढं केली आणि तो प्याला. लाल दिवा लागला नाही. रश्मी बोलत होती, तुम्ही एकटं राहू नका, दोन-चार दिवस आमच्याकडं येत जा, रविंद्रही म्हणत होते. ती अशी कितीतरी वर्षांत त्याच्याशी बोलली नव्हती. आईशी बोलायची, आणि आई मग त्याला सांगायची. आता तिला त्याच्यावाचून दुसरं कोणी नव्हतं आणि त्यालाही तिच्यावाचून. आपण बोललो तर हेही जाईल, असं त्याला वाटलं. असं वाटल्याची त्याला लाज वाटली, आणि तरी तो बोलला नाही.

जळोचीला रविंद्रनं गाडीखाली वाकून बघितलं. "अण्णा, एक थेंब नाही."

"व्हय. झालं ते काम," श्रीपती म्हणाला.

भिंतीवर रविंद्रच्या आई-वडिलांचे फोटो होते. पुतळाबाईचा नव्हता. फ्रेम करून आणलेला फोटो कपाटावर उपडा ठेवलेला त्याला दिसला. त्यानं चहा घेतला आणि तो परत आला.

मे महिन्यात तो दोनदा जळोचीला गेला, नक्की सांगायचं म्हणून. एकदा दिशाला ताप होता. दुसऱ्यांदा घरात पाहुणे होते आणि रश्मी त्यांना सांगत होती, आमचे अण्णा फार सोसतात, पण बोलून दाखवत नाहीत. जूनमध्ये निरवांगीहून नकोशीचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. सगळी खुशाली होती आणि शेवटी एक ओळ होती, दाजी, काम झालं का. श्रीपतीनं उत्तर लिहायला घेतलं, पण पाठवलं नाही.

दर पंधरा दिवसांनी रविवारी तो अजून जातो. रश्मी त्याच्या आवडीचं जेवण करते. फोटो कपाटावर तसाच आहे. पुतळाबाईनं त्याला सांगितलं होतं आणि तो काय म्हणाला होता, हे श्रीपतीनं रश्मीला अजून सांगितलेलं नाही.